संगणक ओळख देत नाही तेव्हा



गेल्या पावसाळ्यातील एका रविवारची गोष्ट. दुपारचे जेवण आटोपून आम्ही पडवीत बसलो होतो. बाहेर पावसाची झड लागली होती. इतक्यात शेजारच्या वाडीतील एक मुलगा आपल्या आजीचा हात धरून पायऱ्या चढून आला. मुलगा अकरावीत शिकणारा. आजी सत्तरी उलटलेल्या. आजींनी पदराची गाठ सोडून त्यातून प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेली एक इवलीशी वस्तू काढली आणि आमच्या हातावर ठेवली. तो पेनड्राइव्ह होता.

"फादर, ह्यात आमच्या घरच्यांचा आवाज आहे," आजी म्हणाल्या, "आणि हा पोर म्हणतो, कॉम्प्युटर त्याला ओळखतच नाही."

हकीकत अशी की, आजोबांना जाऊन दोन वर्षे झाली होती. त्यापूर्वीच्या उन्हाळ्यात नातवाने त्यांना अंगणात बसवून त्यांच्या तोंडच्या जुन्या गोष्टी मोबाईलवर टिपून घेतल्या होत्या. गावात पहिली मोटार कशी आली, शेतांना पूर्वी कोणकोणती नावे होती, भाताची कोणती वाणे पिकत असत, आणि मध्येच आजींनी म्हटलेले एक पाळणागीत. अशी चौदा ध्वनिमुद्रणे होती. पुढे तो मोबाईल विकला गेला. विकण्यापूर्वी मुलाने सर्व काही पेनड्राइव्हवर उतरवून घेतले होते आणि त्याला वाटले, झाले काम. आता वर्षश्राद्धाला नातेवाईक जमणार म्हणून पेनड्राइव्ह लावायला गेला, तर पडद्याच्या कोपऱ्यात 'हे उपकरण ओळखता आले नाही' अशा अर्थाची इंग्रजी पाटी उमटली. शेजाऱ्यांच्या संगणकावर लावला, तर तेथे निराळाच प्रश्न आला: वापरण्यापूर्वी ही डिस्क फॉरमॅट करावी लागेल, करू काय? मुलाचे बोट 'होय'वर जाणार, तोच आजींनी विचारले, "फॉरमॅट म्हणजे रे काय?" "सगळे साफ करायचे," मुलगा म्हणाला. आजींनी त्याचा हातच धरला.

त्या माउलीला संगणकातील अक्षरही कळत नव्हते; परंतु त्या दिवशी त्या घरातील सर्वांत शहाणपणाची कृती तिने केली. त्या पेनड्राइव्हचे पुढे काय झाले ते यथावकाश सांगतो. हल्ली आपल्या बहुतेक घरांत संगणक नाही तरी मोबाईल आहे, लग्नाचे चित्रण आहे, परदेशी गेलेल्या मुलाचे फोटो आहेत. आणि अशा अडचणीच्या वेळी कोणाला विचारावे हे न कळून माणसे नको ते बटण दाबून बसतात. म्हणून आज हाच विषय घेत आहोत.

ज्या खाचेत आपण पेनड्राइव्ह, माऊस, प्रिंटरची केबल वा मोबाईलची वायर बसवतो, तिला यू.एस.बी. म्हणतात हे लहान मुलांसही ठाऊक आहे. पूर्वी असे नव्हते. तीस-पस्तीस वर्षांपूर्वीच्या संगणकाची पाठ पाहिली असेल त्यांना स्मरत असेल की, कीबोर्डला एक खाच, माऊसला दुसरी, प्रिंटरला तिसरीच आणि तीही दोन बाजूंनी स्क्रू पिळून बसवावयाची. नवे यंत्र जोडले की संगणक बंद करून पुन्हा सुरू करावा लागे, आणि तरीही ते चालेलच याची शाश्वती नसे. या जाचातून सुटका करण्यासाठी इंटेल, मायक्रोसॉफ्ट, आय.बी.एम., कॉम्पॅक, एन.ई.सी. इत्यादी सात कंपन्या एकत्र आल्या आणि जानेवारी १९९६ मध्ये सर्व यंत्रांना चालेल अशा एकाच जोडणीचा पहिला आराखडा प्रसिद्ध झाला. इंटेलमध्ये या कामात अग्रभागी होते अजय भट्ट. आमच्या वडोद्याच्या वाचकांना हे वाचून आनंद वाटेल की, हे गृहस्थ तेथील महाराजा सयाजीराव विद्यापीठाचे विद्यार्थी. यू.एस.बी.ची सुधारलेली दुसरी आवृत्ती २००० साली आली आणि पुष्कळ अधिक वेगवान अशी तिसरी २००८ साली. हिच्या खाचेतील पट्टी बहुधा निळ्या रंगाची असते, त्यावरून ती ओळखावी.

जाता जाता एक गंमत. ही चपटी पिन पहिल्या खेपेस उलटी निघते, फिरवली की तीही उलटी वाटते आणि तिसऱ्या खेपेस बसते, हा सर्वांचाच अनुभव. दोन्ही बाजूंनी बसणारी पिन तेव्हाच केली असती तर तारा दुप्पट लागल्या असत्या व खर्च वाढला असता, असे भट्ट यांनी पुढे एका मुलाखतीत सांगितले. कशीही घातली तरी बसणारी 'टाइप सी' पिन २०१४ साली आली, ती आता बहुतेक नव्या मोबाईलांना असते.

असो. संगणक एखाद्या वस्तूला 'ओळखतो' म्हणजे नेमके काय करतो, हे एकदा समजले की निम्मी भीती नाहीशी होते. साध्या यू.एस.बी. केबलच्या आत चार तारा असतात. दोन विजेच्या आणि दोन संभाषणाच्या. विजेच्या तारांतून पाच व्होल्टचा सौम्य प्रवाह जातो. पिनेच्या आतील चार सोनेरी पट्ट्या नीट निरखून पाहिल्यास दिसेल की, कडेच्या दोन किंचित लांब आहेत व मधल्या दोन आखूड. त्यामुळे पिन आत सरकताच आधी वीज मिळते आणि मागाहून बोलणे सुरू होते; आपल्याकडे दारी आलेल्याला आधी तांब्याभर पाणी द्यावे आणि मग विचारपूस करावी, तसेच हे. वीज मिळताच आलेली वस्तू संभाषणाच्या दोन तारांपैकी एकीवरील दाब थोडा वर उचलते. दार ठोठावण्याची तिची ही रीत. संगणक ते ऐकतो, वस्तूला एकदा पूर्ववत स्थितीत आणतो आणि तिला विचारतो, 'तू कोण?' नवागताला तोवर नाव नसते. त्याचा क्रमांक शून्य. मग संगणक त्याला एक ते एकशे सत्तावीस यांपैकी मोकळा क्रमांक देतो आणि बाकीची माहिती मागून घेतो: तुला कोणी बनविले, तुझा प्रकार कोणता, तुला वीज किती लागेल. ही उत्तरे पाहून संगणक आपल्या कोठारातून त्या वस्तूशी बोलू शकणारा छोटासा कार्यक्रम शोधून काढतो. त्याला ड्रायव्हर म्हणतात. कीबोर्ड, माऊस, पेनड्राइव्ह यांचे ड्रायव्हर संगणकात मुळातच असतात. प्रिंटर, अंगठ्याचे यंत्र इत्यादींचे पुष्कळदा निराळे आणून बसवावे लागतात.

हे सर्व आपल्या नकळत काही क्षणांत उरकते. या प्रश्नोत्तरात कोठेही खंड पडला की, 'ओळखता आले नाही' ही पाटी झळकते. तेव्हा ध्यानात घ्यावे, पाटीचा अर्थ वस्तू मेली असा नव्हे. बोलणे तुटले एवढाच आहे. ते तारेत तुटले, खाचेत तुटले, विजेच्या अभावी तुटले, संगणकाच्या कार्यक्रमात तुटले की खरोखरीच वस्तूत तुटले, हे शोधून काढावयाचे आहे. आणि शोधताना ज्याला पैसा पडत नाही व ज्याने नुकसान होत नाही, ते आधी करावे.

प्रथम वस्तू काढावी, दहा-पंधरा सेकंद थांबावे आणि दुसऱ्या खाचेत बसवावी. टेबलावरच्या मोठ्या संगणकाच्या पुढील बाजूस ज्या खाचा असतात, त्या आतून एका बारीक वायरने मुख्य फळीला जोडलेल्या असतात आणि ही वायर पुष्कळदा सैल होते. पाठीमागील खाचा प्रत्यक्ष फळीवरच बसविलेल्या असतात. त्या अधिक भरवशाच्या. मध्ये एकाच्या चार खाचा करणारा हब लावला असेल तर तो काढून टाकावा. जोडताना व काढताना संगणक निरनिराळा सूर काढतो, तिकडे कान द्यावा. जोडल्याचा व काढल्याचा सूर आळीपाळीने पुनःपुन्हा येत असेल, तर कोठेतरी सैल आहे किंवा वीज पुरत नाही, असे खुशाल समजावे.

तरी न जमल्यास तीच वस्तू दुसऱ्या संगणकावर लावून पाहावी. ही एक परीक्षा शंभर तर्कांहून भारी. तेथे चालली तर दोष आपल्या संगणकात. तेथेही न चालली तर दोष वस्तूत वा तिच्या केबलमध्ये. शेजाऱ्यांकडे जाण्याचा आळस करून घरीच दोन तास डोके फोडणारे लोक आम्ही पाहिले आहेत.

केबलविषयी जरा सविस्तर सांगितले पाहिजे, कारण येथे आम्ही स्वतःच फसलो आहोत. गतवर्षी एका समारंभाचे फोटो मोबाईलवरून कार्यालयातील संगणकावर घ्यावयाचे होते. मोबाईल लावला की चार्जिंग सुरू होई, परंतु संगणकाला तो दिसेना. तीन दिवस आम्ही संगणकाला दोष दिला, विंडोजला दोष दिला, मोबाईललाही सोडले नाही. चौथ्या दिवशी सहावीतली एक मुलगी आली आणि म्हणाली, "फादर, ही वायर बाजारातली वीस रुपयांची ना? हिच्यात फक्त चार्जिंग होतं." खरोखरच, आठवड्याच्या बाजारात मिळणाऱ्या स्वस्त केबलींपैकी कितीतरींमध्ये विजेच्या दोनच तारा घातलेल्या असतात, संभाषणाच्या तारा नसतातच. वरून पाहून काही कळत नाही. मोबाईलबरोबर खोक्यात आलेली केबल असेल तर ती जपून ठेवावी आणि तिला खूण करावी. शिवाय केबल योग्य असली तरी अँड्रॉइड मोबाईल आपण होऊन फक्त चार्जिंगच करतो. त्याचे कुलूप उघडून, वरची सूचनांची पट्टी खाली ओढून, तेथे यू.एस.बी.च्या ओळीवर बोट ठेवून 'फाइल ट्रान्स्फर' निवडावे लागते. प्रिंटरची केबल फार लांब घेऊ नये. पाच मीटरच्या पलीकडे साध्या केबलीतून बोलणे नीट पोचत नाही.

आपल्या प्रदेशात आणखी एक शत्रू आहे. खानापूरकडचा पाऊस घ्या, की गोव्याची खारी हवा घ्या. चार महिने खाचांतील धातूला हिरवट गंज चढतो. कोठाराशेजारी संगणक ठेवलेल्या घरांत भाताचा कोंडा आत शिरतो, आणि मुंग्यांना तर ही खाच म्हणजे आयते घरच. संगणक बंद करून, प्लग काढून, कोरड्या मऊ ब्रशाने खाच झाडावी. मोबाईलच्या खाचेत खिशातील कापसाचा गठ्ठा साचतो. तो लाकडी दातकोरणीने हलक्या हाताने काढावा. टाचणी वा सुई कदापि घालू नये. तोंडाने फुंकूही नये, कारण फुंकेबरोबर ओलावा आत जातो. पेनड्राइव्हची पिन वाकलेली असेल किंवा खाचेतील मधली जीभ मोडलेली असेल, तर तेथे दाबादाबी न करणेच बरे.

विजेची गोष्ट थोडक्यात. साधी खाच पाचशे मिलिअँपिअरपर्यंत व निळी खाच नऊशेपर्यंत प्रवाह देण्यास बांधलेली असते. पेनड्राइव्हला हे पुरून उरते. परंतु आत तबकडी फिरणाऱ्या बाहेरच्या हार्डडिस्कला सुरुवातीस अधिक जोर लागतो. ती टकटक आवाज करून पुन्हा गप्प होत असेल, तर तिला हबमधून न लावता सरळ संगणकाच्या पाठीमागील खाचेत लावावी, किंवा स्वतःचा वीजपुरवठा असलेला हब वापरावा. टकटक तशीच चालू राहिली तर डिस्क ताबडतोब काढून ठेवावी आणि पुन्हा लावू नये. आतील तबकडी ओरखडली जात असण्याचा संभव असतो.

इतके होऊनही जमले नाही, तर संगणकाकडे वळावे. येथे एक नवलाची गोष्ट आहे. २०१२ पासूनच्या विंडोजमध्ये आपण 'शटडाऊन' केले तरी संगणक पुरता झोपत नाही. लवकर उठता यावे म्हणून अर्धे स्मरण जपून ठेवतो आणि कधी कधी चुकाही जपून ठेवतो. 'रीस्टार्ट' केले म्हणजे मात्र सर्व पाटी कोरी होते. म्हणून बंद करून चालू करण्यापेक्षा रीस्टार्टच करावे. मोठा संगणक असेल तर एकदा बंद करून भिंतीतील प्लग काढावा, चालू करण्याचे बटण पंधरा सेकंद दाबून धरावे, दोन-चार मिनिटे जाऊ द्यावीत आणि मग प्लग लावावा. खाचेत कधी अधिक प्रवाह गेल्यामुळे ती आपणहून बंद झालेली असते; ती अशाने पुष्कळदा मोकळी होते.

त्यानंतर स्टार्टच्या चिन्हावर माऊसचे उजवे बटण दाबून 'डिव्हाइस मॅनेजर' उघडावा. ही संगणकाला जोडलेल्या सर्व यंत्रांची नामावली. शेवटच्या बाजूस यू.एस.बी.चे पोट आहे, ते उघडावे. ज्या नावापुढे पिवळा त्रिकोण दिसेल तेथे गोम. त्यावर दोनदा टिचकी मारली की कारण वाचता येते. 'कोड ४३' असे असेल, तर वस्तूने उत्तर दिले नाही किंवा चुकीचे दिले असा अर्थ होतो. 'कोड २८' असेल तर ड्रायव्हरच बसविलेला नाही. पहिल्या प्रकारात त्या नावावर उजवे बटण दाबून 'अनइन्स्टॉल डिव्हाइस' करावे, वस्तू काढावी, संगणक रीस्टार्ट करावा आणि मग पुन्हा जोडावी. भिण्याचे कारण नाही. हे केल्याने पेनड्राइव्हवरील काहीही पुसले जात नाही, संगणकाच्या वहीतील चुकीची नोंद तेवढी खोडली जाते. मात्र 'यू.एस.बी. रूट हब' या नावाला अशा रीतीने हात लावलात, तर आपला कीबोर्ड व माऊसही त्याच हबवर असल्यास ते तत्काळ मुके होतील. तसे झाल्यास घाबरू नये, संगणकाचे बटण दाबून तो पुन्हा सुरू केला की ते परत येतात. लॅपटॉपमध्ये त्याच रूट हबच्या माहितीत वीज वाचविण्याविषयीचे एक पान असते. तेथे वीज वाचविण्यासाठी हे यंत्र बंद करण्याची मुभा संगणकाला दिलेली असते. ती खूण काढून टाकल्याने अधूनमधून नाहीशी होणारी यंत्रे ठिकाणावर राहतात.

दुसऱ्या प्रकारात ड्रायव्हर आणावा तो यंत्र बनविणाऱ्या कंपनीच्याच संकेतस्थळावरून. 'तुमचे सर्व ड्रायव्हर फुकट दुरुस्त करून देतो' म्हणणाऱ्या जाहिराती इंटरनेटवर गावोगावच्या वैदूंसारख्या फिरत असतात. त्यांना घरात घेऊ नये.

येथे अंगठ्याच्या यंत्राविषयी चार शब्द सांगणे अगत्याचे आहे, कारण त्यापायी म्हाताऱ्या माणसांना हेलपाटे पडतात. निवृत्तिवेतनासाठी हयातीचा दाखला २०१४ पासून संगणकावर देता येतो, आणि त्यासाठी सेवाकेंद्रावर अंगठा घेतात. अंगठ्याचे यंत्र यू.एस.बी.नेच जोडलेले असते. संगणकाला यंत्र दिसूनही काम होत नाही असे पुष्कळदा घडते, कारण आधारसाठी नोंदविलेल्या या यंत्रांना ड्रायव्हरखेरीज आणखी एक सेवा-कार्यक्रम चालू असावा लागतो आणि तो बंद पडलेला असतो. केंद्रावरील मुलाला तेवढे तपासावयास नम्रपणे सांगावे. आणि तरीही न जमल्यास 'आजी, उद्या या' एवढ्यावर परतू नये. चेहरा दाखवून मोबाईलवरून हा दाखला देण्याची सोय २०२१ पासून आहे, आणि बँकेत जाऊन कागदावर दाखला देण्याचा जुना मार्गही बंद झालेला नाही. शेतकामाने ज्यांच्या बोटांच्या रेषा झिजल्या आहेत, त्यांच्या बाबतीत तर यंत्र शाबूत असूनही अंगठा उमटत नाही. त्यांनी हे अवश्य ध्यानात ठेवावे.

आता पेनड्राइव्हकडे येऊ. जोडल्याचा सूर येतो, परंतु फोल्डरांत त्याचे नाव दिसत नाही, अशी एक स्थिती असते. अशा वेळी स्टार्टवर उजवे बटण दाबून 'डिस्क मॅनेजमेंट' उघडावे. तेथे पेनड्राइव्ह दिसत असून त्याच्या नावाला अक्षर नसेल, तर त्याला एखादे मोकळे अक्षर द्यावे. वस्तू लगेच दिसू लागते. या दालनात मात्र फार जपून वावरावे. 'इनिशियलाइझ', 'डिलीट व्हॉल्यूम' आणि 'फॉरमॅट' हे शब्द येथेच शेजारी शेजारी बसलेले असतात.

फॉरमॅटविषयी लोकांचा जो गैरसमज आहे तो असा की, संगणक विचारतो आहे म्हणजे ते करणे आवश्यकच असले पाहिजे. वास्तविक पेनड्राइव्हच्या आरंभी एक अनुक्रमणिका असते. कोणती वस्तू कोठे ठेवली आहे, ते तिच्यात लिहिलेले असते. पिन मध्येच उपटल्याने, वीज गेल्याने वा चकती जुनी झाल्याने ही अनुक्रमणिका बिघडली, की संगणकाला पुस्तक कोरे वाटू लागते. डिस्क मॅनेजमेंटमध्ये त्यापुढे 'रॉ' असे लिहून येते. पाने बहुधा जागच्या जागी असतात. संगणक म्हणतो, मी नवी अनुक्रमणिका घालतो. ती घातली आणि वर नवीन काही लिहिले, की जुन्या पानांवर पाने चढतात आणि मग ती कोणाच्या बापाला परत आणता येत नाहीत. म्हणून आत मोलाचे काही असेल तर उत्तर नेहमी 'नाही'. पेनड्राइव्ह काढून ठेवावा, त्यावर एकही नवी गोष्ट लिहू नये आणि जाणत्या माणसाकडे न्यावा. हा जाणता माणूस प्रथम सबंध पेनड्राइव्हची जशीच्या तशी एक नक्कल काढून घेतो आणि मग त्या नकलेवर शोध चालवितो. फोटोरेक नावाचा एक कार्यक्रम यासाठी प्रसिद्ध आहे. तो फुकट मिळतो आणि फोटोंखेरीज आवाज व चित्रणेही शोधून काढतो. सापडलेले सर्व दुसऱ्याच डिस्कवर उतरवावे, त्याच पेनड्राइव्हवर नव्हे.

कधी कधी फोल्डर दिसतात, पण ते उघडतच नाहीत आणि प्रत्येकावर छोटा बाण दिसतो. ही जंतुबाधा. झेरॉक्सच्या दुकानांतून ती फार पसरते. मूळ फायली लपविलेल्या असतात, पुसलेल्या नव्हे. येथेही फॉरमॅटची घाई नको. बाजारात दोनशे-तीनशे रुपयांत दोन टेराबाइटचा पेनड्राइव्ह मिळतो म्हणून कोणी भुलले असल्यास त्यांना सांगितले पाहिजे की, तो खोटा आहे. त्याच्या अंगावरचा आकडा खोटा लिहिलेला असतो. खरी जागा भरली की तो जुने पुसून नवे लिहीत जातो आणि दिसावयास मात्र सर्व फायली दिसतात.

मुळात पेनड्राइव्ह ही साठवणीची पेटीच नव्हे. ती एका घरातून दुसऱ्या घरी वस्तू नेण्याची पिशवी होय. तिच्यातील स्मरण हे अतिसूक्ष्म विद्युतभाराच्या रूपाने असते आणि वर्षानुवर्षे न वापरता ठेवल्यास तो हळूहळू ओसरतो. ज्या गोष्टी पुन्हा मिळणार नाहीत, त्यांच्या किमान दोन प्रती निरनिराळ्या ठिकाणी असाव्यात; एक घरच्या संगणकावर, तर दुसरी मुंबईच्या वा वसईच्या मुलीकडे. आणि वर्षातून एकदा उघडून पाहाव्यात.

आजींच्या पेनड्राइव्हचे असे झाले. कार्यालयातील संगणकाच्या पुढच्या खाचेत तो मुळीच दिसला नाही. पाठीमागील खाचेत दिसला, आकारही बरोबर दाखविला, परंतु पुढे 'रॉ'. आम्ही तेथेच थांबलो आणि मुलाला बेळगावातील आमच्या परिचयाच्या एका तंत्रज्ञाकडे पाठविले. त्याने नक्कल काढून दोन दिवस शोध केला. चौदांपैकी अकरा ध्वनिमुद्रणे पूर्ण मिळाली, एक अर्ध्यावर तुटलेले, दोन गेली ती गेलीच. मिळाली त्यांची नावे पुसली गेली होती. नुसते आकडे उरले होते. मुलगा एकेक लावी आणि पहिल्या दोन शब्दांवरून आजी सांगत, हे पेरणीच्या वेळचे, हे थोरल्या आत्याच्या लग्नाचे. गेलेल्या दोनांपैकी एकात शेतांची जुनी नावे होती. ती आजींना बहुतेक पाठ आहेत; त्या सांगतात आणि मुलगा वहीत उतरवून घेतो. आम्ही परवा विचारले तेव्हा सव्वीस झाली होती, आणि ओढ्यापलीकडची अजून बाकी होती.